आरपीजीमधलं किशोरवय: आधी नियम वाचा, संवाद नंतर

प्रश्नाचे दोन भाग आहेत. भूमिका घेऊन खेळायचे व्हिडिओ गेम, म्हणजे आरपीजी, किशोरवय, स्वतःची ओळख आणि मनातली झुंज खरोखर दाखवतात, की राक्षस मारायच्या त्याच जुन्या कामाला शाळेचा गणवेश चढवतात? आणि असा एखादा छोटा गेम स्वतः बनवायचा झाला तर हे विषय त्यात उतरवायचे कसे? दोन्ही उत्तरं एकाच वाटेवर आहेत, म्हणून सलग घेऊ.

पात्रं काय बोलतात हे थोडा वेळ विसरा. खेळाडूला काय करता येतं, काय करू दिलं जात नाही आणि कशाची किंमत कशात मोजावी लागते, एवढंच बघा. सोळा वर्षांचा मुलगा संवादात म्हणतो, "मला कुणी समजून घेत नाही." पुढच्याच मिनिटाला मेनू उघडला की त्याची प्रत्येक मैत्री दहापैकी किती पायऱ्या चढली ते दिसतं. खेळाडूच्या डोक्यात वाक्य राहत नाही, आकडा राहतो. जिथे नियम आणि संवाद एकच गोष्ट सांगतात तिथे हे गेम फार खोल जातात. जिथे दोघांची तोंडं दोन दिशांना असतात तिथे कितीही चांगलं लिहिलेलं असो, ते तोंडदेखलं वाटतं.

(पुढे 'पर्सोना', 'ओमोरी', 'फायनल फँटसी ७' आणि 'टेल्स ऑफ द अबिस' यांची गुपितं फुटणार आहेत. कोऱ्या मनाने खेळायचं असेल तर ते परिच्छेद सोडा.)

सगळ्यात छोटं आणि अजूनही सगळ्यात नेमकं उदाहरण १९९४ सालचं आहे. 'अर्थबाउंड', जपानमध्ये 'मदर २'. नायक नेस हा लाल टोपी आणि बेसबॉलची बॅट घेऊन जग वाचवायला निघालेला मुलगा. आरपीजीत विषबाधा, झोप, लकवा असे स्टेटस इफेक्ट असतातच. या गेमने त्या यादीत आणखी एक घातला: घरची आठवण. तो लागला की ऐन लढाईत नेसची पाळी कधीकधी फुकट जाते. समोर शत्रू उभा आणि हा आईच्या आठवणीत हरवलेला. औषध विकत मिळत नाही. फोन शोधायचा, घरी लावायचा, आईशी बोलायचं, की उतरतो. हा त्रास फक्त नेसला होतो, साथीदारांना नाही. वडील तर अख्ख्या गेममध्ये दिसतच नाहीत. तेही फोनवरच भेटतात, खेळ सेव्ह करून देतात आणि बँकेत पैसे टाकतात.

या नियमात काय काय बसलंय ते बघा. घर सोडलेल्या मुलाचा हळवेपणा त्याच्या तोंडून एकदाही वदवलेला नाही. तो नको त्या वेळी, खेळाडूच्या गैरसोयीच्या रूपात येतो. पहिल्यांदा लागतो तेव्हा "हा वार का करत नाहीये?" म्हणून चिडचिड होते, आणि कारण कळल्यावर त्या चिडचिडीची थोडी लाज वाटते. कितीही लांबच्या संवादाने हा परिणाम साधणार नाही.

आता 'पर्सोना' या मालिकेकडे, कारण या विषयावर बोलताना तिला टाळता येत नाही. 'पर्सोना ३' (२००६) पासून ती बनवणाऱ्या अॅटलस कंपनीने मालिकेचा सांगाडाच बदलला: एक शाळेचं वर्ष, रोजची तारीख आणि दिवसाचे मोजके मोकळे तुकडे. 'पर्सोना ३' एप्रिल २००९ मध्ये सुरू होतो, शेवटची लढाई ३१ जानेवारी २०१० ला. शाळा सुटल्यावर एक काम, रात्री एक काम. मित्राला भेटलात तर अभ्यास गेला. रात्री टार्टारस नावाच्या मनोऱ्यात लढायला गेलात तर त्या रात्री बाकी काही नाही. दर पौर्णिमेला मोठी लढाई ठरलेली, त्यामुळे "उद्या बघू" फार दिवस चालत नाही. शिवाय अभ्यास, आकर्षण आणि धैर्य असे तीन सामाजिक गुण आहेत आणि त्यांच्या पायऱ्यांवर नात्यांची दारं अडलेली. साथीदार मुलींपैकी युकारीशी जवळीक सुरू करायला आकर्षण शेवटच्या पायरीवर हवं, मित्सुरूसाठी अभ्यास, आणि फुका या अत्यंत बुजऱ्या मुलीसाठी चक्क धैर्य. (तिच्या हातचं जेवण ज्यांनी गेममध्ये बघितलंय त्यांना यात फारसं नवल वाटत नाही.) 'पर्सोना ४' (२००८) आणि 'पर्सोना ५' (२०१६) मध्ये हे गुण पाच झाले.

या कॅलेंडरने किशोरवयातली एक गोष्ट फार अचूक पकडली आहे: वेळ भरपूर आहे असं वाटतं आणि प्रत्यक्षात एका जागी गेलं की दुसरी जागा सुटते. शिवाय एक बारकावा सहज नजरेतून सुटतो. मालिकेत प्रत्येक नातं टॅरोच्या एकेका पत्त्याशी, म्हणजे आर्कानाशी जोडलेलं असतं. भेटीला जाताना त्याच आर्कानाचा पर्सोना, म्हणजे लढाईत वापरायचा मुखवटा, सोबत असेल तर नातं लवकर वाढतं, आणि समोरच्याला आवडेल ते उत्तर दिलं की जास्त गुण मिळतात. म्हणजे नायक ज्याला भेटायचं त्याच्या पसंतीचा मुखवटा चढवून जातो आणि त्याला ऐकायचं तेच बोलतो. सोळाव्या-सतराव्या वर्षी शाळेत, घरी आणि मित्रांत वेगवेगळं वागणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. अॅटलसने हे किती मुद्दाम केलं हा प्रश्न गौण आहे. नियम ते सांगतो.

घोटाळा मात्र याच जागी होतो. उत्तरांना गुण असले की खेळाडू गुणांसाठी उत्तर देतो. दिवसागणिक काय करायचं याचे तक्ते तयार मिळतात, ते पाळले की एकाच खेळात सगळी नाती दहाव्या पायरीवर. मग "एका जागी गेलं की दुसरी सुटते" हे सत्यच पुसलं जातं. ज्या मुलाने वर्षभरात एकही मित्र गमावला नाही तो किशोरवयीन कसला, तो व्यवस्थापक झाला. पहिल्यांदा खेळताना तक्ता उघडू नका. दोन-तीन नाती अर्धवट राहू द्या. अर्धवट राहिलेल्यांपैकी एकाचं नाव वर्षाच्या शेवटी यादीत दिसतं तेव्हा जे वाटतं, तेच या मालिकेचं खरं काम आहे.

'पर्सोना ३' च्या मूळ आवृत्तीत आणखी एक नियम होता, आणि त्यावर लोकांनी भरपूर शिव्या घातल्या. लढाईत साथीदारांना थेट आज्ञा देता येत नसे, फक्त धोरण सुचवता येई. मग मित्सुरू ऐन मोक्याला मारिन कारिन नावाचा मोहिनीमंत्र टाकत बसायची आणि खेळाडू कपाळाला हात लावायचे. पण बाजूने विचार करा: ही मुलं तुमची प्यादी नव्हती. ती स्वतःच्या मताने वागायची, चुकायची, आणि कथेतही त्यांचा नायकाशी वाद व्हायचा. २००९ च्या 'पर्सोना ३ पोर्टेबल'मध्ये थेट आज्ञा आल्या, सोबत मुलगी नायिका निवडायची सोयही आली. खेळणं सुकर झालं, आणि "मित्र माझ्या हातात नाहीत" हे जे नियम सांगत होता ते गेलं. आम्ही बनवणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते असं की त्रासदायक नियम काढण्याआधी तो काय बोलत होता हे तपासावं.

ओळखीच्या प्रश्नावर 'पर्सोना ४' सगळ्यात थेट आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या मांडणीत पर्सोना म्हणजे जगाला दाखवायचा चेहरा आणि छाया म्हणजे स्वतःपासूनही लपवलेला भाग. गेमने त्यातून लढाईची ठरावीक रचना केली. पात्र आपल्याच छायेसमोर येतं. छाया त्याचं गुपित सगळ्यांसमोर बोलते. पात्र ओरडतं, "तू मी नाहीस!" या नकारानेच छाया बेफाम होते आणि बॉस, म्हणजे त्या टप्प्याचा मुख्य शत्रू, बनते. तिला हरवल्यावर ती मरत नाही. पात्राने "हो, तूही मीच" म्हटलं की तीच त्याचा पर्सोना, म्हणजे लढायचं बळ होते. नाकारल्यावर राक्षस आणि मान्य केल्यावर शक्ती, हे इथे शब्दांत कमी आणि नियमात जास्त आहे. शिवाय मान्य करून प्रकरण संपत नाही. त्या मित्राशी नातं शेवटच्या पायरीपर्यंत नेलं तरच पर्सोना पुन्हा बदलतो. एका रात्रीत कुणी स्वतःला स्वीकारत नाही, हे गेमला ठाऊक आहे.

युकिकोचं उदाहरण जवळून बघू, कारण त्यावर हमखास टीका होते. तिच्या घरची जुनी सराय आहे आणि ती पुढे तिनेच चालवायची हे जन्मापासून ठरलेलं. तिची छाया म्हणते, मला इथून कुणीतरी पळवून न्या. नात्याच्या ओघात ती गाव सोडायची तयारी करते आणि शेवटी सरायीतच राहायचं ठरवते. टीका अशी की बंड करून पुन्हा मूळ पदावर आलीच ना. इथे जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये केलेली विभागणी उपयोगी पडते. एरिक एरिक्सनने किशोरवयाचा मुख्य पेच ओळख विरुद्ध भूमिकेचा गोंधळ असा मांडला होता. मार्सियाने त्यात चार अवस्था केल्या. शोधही नाही, निर्णयही नाही. शोध न घेता दुसऱ्याने दिलेला निर्णय. शोध चालू, निर्णय बाकी. आणि शोध घेऊन केलेला निर्णय. युकिको दुसऱ्या अवस्थेतून निघून तिसरीतून चौथीत येते. पत्ता तोच राहिला तरी आधी ती तिथे ठेवलेली होती, आता राहिलेली आहे. कोणत्याही आरपीजीतलं किशोरवयीन पात्र या चार घरांत ठेवून बघा. सुरुवातीला कुठे होतं, शेवटी कुठे आहे, आणि मधली "शोध चालू" ही अवस्था खेळाडूने खेळली की नुसती ऐकली? बहुतेक गेम या शेवटच्या प्रश्नाशी अडखळतात.

याच गेमची दुसरी बाजूही सांगायला हवी. कांजी हा दांडगा, केस रंगवलेला, सगळे ज्याला टरकून असतात असा मुलगा. त्याला शिवणकाम मनापासून आवडतं आणि त्यावरून मिळालेल्या टोमण्यांनी त्याची छाया घडलीय. त्याचा "मी पुरेसा पुरुष आहे का" हा प्रश्न गेम गंभीरपणे मांडतो, आणि मग शाळेच्या शिबिरात तंबूत त्याच्याजवळ झोपायला त्याचा साथीदार योसुके घाबरतो यावर विनोद करतो. नाओतोचंही तसंच. मुलगा म्हणून वावरणारी ही तरुण गुप्तहेर. कथा त्याचं कारण पुरुषांच्या पोलिसी जगात कुणी गांभीर्याने घेत नाही असं देते आणि प्रश्न पटकन बंद करते. 'पर्सोना ५' मध्ये हा विसंवाद अधिक बोचतो. पहिलं मोठं प्रकरण कामोशिदा या शिक्षकाने अॅन या विद्यार्थिनीचा आणि तिच्या मैत्रिणीचा केलेल्या छळाचं आहे. त्यानंतर लगेच युसुके नावाचा चित्रकार अॅनने विवस्त्र बसावं म्हणून मागे लागतो आणि ते गंमत म्हणून येतं. एक शिक्षक विद्यार्थिनीवर नजर ठेवतो म्हणून त्याला धडा शिकवायचा, आणि दुसरी शिक्षिका, कावाकामी, विद्यार्थी नायकाशी प्रेम जमवायला उपलब्ध. गेमच्या लेखकांना विषय कळत नाही असं नाही. त्यांनी नियमांचे साचे, म्हणजे विनोदाचा प्रसंग किंवा प्रेमासाठी निवडायच्या व्यक्तींची यादी, आधीपासून तयार ठेवले आणि नवा विषय त्यांना न तपासता त्यांतच ओतला. चूक नेहमी इथूनच शिरते.

मनाची झुंज लढाईच्या गणितात बसवायचा सगळ्यात नीट प्रयत्न 'ओमोरी'ने (२०२०) केला, तोही आरपीजी मेकर या गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर. यात तीन भावना आहेत आणि त्या कात्री-कागद-दगडासारख्या एकमेकींवर मात करतात: आनंद रागावर, राग दुःखावर, दुःख आनंदावर. प्रत्येकीला फायदा आहे आणि तोटाही. राग आला की वार जोराचा, बचाव कच्चा. दुःखात बचाव वाढतो, वेग कमी होतो. आनंदात वेग आणि नशीब वाढतं, पण नेम चुकतो. एकही भावना "वाईट" नाही, हे एक. दुसरं म्हणजे भावनेला तीन पायऱ्या आहेत आणि तिसऱ्या, टोकाच्या पायरीवर तुमच्या चमूतला फक्त ओमोरी, म्हणजे स्वप्नातला नायक, जाऊ शकतो. मित्र जात नाहीत. या मुलाच्या मनात काहीतरी इतरांपेक्षा खोल चिघळलंय हे कथेच्या कितीतरी आधी मेनू सांगून टाकतो.

खऱ्या जगात तोच मुलगा, सनी, लढायला लागतो तेव्हा उंची, कोळी आणि पाण्यात बुडणं या भीतींसमोर नेहमीचे वार चालत नाहीत. हळूहळू शांत होणं, लक्ष एकवटणं, टिकून राहणं अशी कौशल्यं शिकावी लागतात. श्वासावर ताबा आणण्याचं हे चित्रण आरपीजीत दुर्मीळ आहे. तरी एक धोका लक्षात घ्या. शेवटच्या सामन्यात कोसळूनही पुन्हा उठत राहणं प्रभावी आहे, पण त्यातून "जिद्द धरली की नैराश्य हरतं" असाही अर्थ निघू शकतो. गेम तो अर्थ बऱ्याच अंशी टाळतो, कारण शेवटी सनीला काय करायचं असतं? खरं बोलायचं असतं, जिवंत माणसांसमोर. गेमच्या सुरुवातीलाच नैराश्य, चिंता आणि आत्महत्येच्या उल्लेखांची सूचना दिलेली आहे. ती औपचारिक नाही. लहान किंवा आत्ता त्रासात असलेल्या मुलाच्या हाती हा गेम एकट्याने देऊ नये.

ओळख खोटी निघणं हा आरपीजीचा जुना आवडता पेच. 'फायनल फँटसी ७' (१९९७) चा क्लाउड एकवीस वर्षांचा आहे, पण त्याची जखम चौदा-पंधराची: मोठा सैनिक होईन सांगून गाव सोडलं, झालो नाही, आणि परत जायची लाज. तो झॅक या मित्राच्या आयुष्यावर स्वतःचा चेहरा चिकटवून जगतो. हे उघड झाल्यावर गेम काय करतो? क्लाउडला तुमच्या हातातून काढून घेतो. तो चाकाच्या खुर्चीत, शून्य नजरेने. पार्टीचं, म्हणजे साथीदारांच्या गटाचं, पुढारपण दुसऱ्याकडे. मग त्याची बालमैत्रीण टिफा त्याच्या आठवणींत उतरून एकेक प्रसंग पडताळते. इतके तास तुम्ही ज्याच्या लेव्हल वाढवल्यात तो "मी" उरलाच नाही, हे रिकाम्या जागेने कळतं. 'टेल्स ऑफ द अबिस' (२००५) चा ल्यूक याहून पुढे जातो. सतरा वर्षांचा दिसणारा हा उर्मट मुलगा प्रत्यक्षात सात वर्षांपूर्वी बनवलेली प्रतिकृती असतो. त्याच्या हातून अख्खं शहर नष्ट होतं, आणि "माझी चूक नाही" म्हणत राहिल्यामुळे साथीदार त्याला सोडून जातात. त्यानंतर तो केस कापतो. आतापर्यंतचा सारांश दाखवणारा मेनू ही त्याचीच डायरी आहे. आधी आणि नंतरच्या नोंदींचा सूर ताडून बघा, लेखनाचा धडा आहे.

'द वर्ल्ड एंड्स विथ यू' (२००७) बद्दल थोडक्यात, कारण तो हाताने खेळल्याशिवाय समजत नाही. टोकियोच्या शिबुया भागात हेडफोन लावून जगापासून तुटलेला नेकू. निन्टेंडो डीएसच्या दोन पडद्यांवर दोन लढाया एकाच वेळी, एकीत नेकू, दुसरीत त्याचा जोडीदार. दोघांत फिरणारा प्रकाशगोळा तालात परतवत राहिलं तरच वार जबर होतो. "लोकांशी जुळवून घे" हे बोटांना शिकवलं जातं. कपड्यांनाही धाडसाचा आकडा लागतो. पुरेसं धाडस नसेल तर आवडलेला सदरा अंगावर चढत नाही. किशोरवयाबद्दल याहून खरा आकडा कुणी लिहिला असेल असं वाटत नाही.

मुका नायक हा स्वतंत्र प्रश्न आहे. नाव तुम्ही द्यायचं, स्वभाव कोरा, म्हणजे "तो तुम्हीच". ओळखीवरच्या गेममध्ये ही सोय उलटते: भोवतालच्या प्रत्येकाला अंतरंग आहे आणि ज्याच्या डोळ्यांनी बघतो त्यालाच नाही. 'डेल्टारून'ने (पहिला अध्याय २०१८) यावर घाव घातला. सुरुवातीला तुमच्याकडून एक देह बारकाईने घडवून घेतला जातो आणि मग तो टाकून देतात. या जगात आपण कोण असावं हे कुणाला निवडता येत नाही, असं सांगून. तुमच्या हाती येतो क्रिस, ज्याला आधीपासून घर, आई, कॉलेजला गेलेला भाऊ आणि गावात बरीवाईट ओळख आहे. अध्यायाच्या शेवटी क्रिस स्वतःच्या छातीतून तो लाल आत्मा, म्हणजे तुमचा ताबा, उपटून काढतो. आपल्या आयुष्याचे निर्णय दुसरंच कुणी घेतंय ही पंधराव्या वर्षीची भावना, आणि ते "दुसरं कुणी" म्हणून खेळाडूच उभा. पालकांनी हा प्रसंग जरूर बघावा.

आता बनवण्याकडे. पहिला गेम असेल तर आरपीजी मेकरची एमव्ही किंवा एमझेड आवृत्ती पुरेशी आहे. सुरुवात कथेने करू नका. एक पात्र, एक झुंज, एक नियम, असं एका ओळीत लिहा: "सोळा वर्षांची मुलगी, वर्गात बोलायची भीती, भीती असताना तिचे वार चुकतात आणि मैत्रिणीशी बोलल्याशिवाय भीती उतरत नाही." नियमाने खेळाडूचं काही नुकसान होत नसेल तर तो नियम नाही, सजावट आहे.

हा नियम डेटाबेसमध्ये 'स्टेट', म्हणजे पात्राला लागणारी अवस्था, म्हणून घाला. सगळे सरसकट लकवा किंवा मूर्च्छेसारखं "हलता येत नाही" हे बंधन लावतात. त्याने खेळाडू नुसता वैतागतो. त्यापेक्षा हिट रेट, म्हणजे वार लागण्याचं प्रमाण, उणे २५ टक्के द्या. मुळातल्या पात्रवर्गांचा (क्लासचा) हिट रेट ९५ असतो आणि हे आकडे बेरजेने चालतात, म्हणजे ७० उरतो: चारपैकी एखादा वार हुकतो, जाणवतं पण खेळ थांबत नाही. इथे पहिला खड्डा: हिट रेट फक्त शारीरिक प्रकारच्या वारांना लागू होतो. जादूचे आणि हमखास लागणारे वार त्याला जुमानत नाहीत. नायिकेकडे दोन चांगले मंत्र असले तर खेळाडू तेच वापरेल आणि तुमची भीती कुणाला कळणारही नाही. एकतर मंत्र काढा, नाहीतर त्याच स्टेटमध्ये मंत्रांचा कौशल्यप्रकार बंद करा.

दुसरा खड्डा मोठा. लढाई संपल्यावर, मार बसल्यावर आणि काही पावलं चालल्यावर स्टेट काढायच्या खुणा तुम्ही बंद कराल, तरी 'रिकव्हर ऑल' ही आज्ञा सगळ्या स्टेट पुसते. म्हणजे कुठल्याही धर्मशाळेत झोपलं की भीती गायब. पात्र लढाईत पडलं तरी स्टेट जातात. म्हणून खरी नोंद स्विचमध्ये, म्हणजे गेम लक्षात ठेवतो त्या चालू-बंद खुणेत, ठेवा, स्टेट ही फक्त तिची सावली. एक कॉमन इव्हेंट, म्हणजे कुठूनही बोलवता येणारी आज्ञांची यादी, करा: भीतीचा स्विच चालू आणि स्टेट नसेल तर स्टेट पुन्हा लावा. तो झोपण्याच्या इव्हेंटच्या शेवटी आणि नकाशा बदलताना बोलवा. स्विच बंद होईल तो फक्त मैत्रिणीच्या प्रसंगात. झोपून उठलं तरी भीती तिथेच आहे हे खेळाडूला कळतं, तेव्हा विषय त्याच्या अंगाला लागतो.

कॅलेंडर हवं असेल तर हिशेब आधी मांडा. समजा १४ दिवस, दिवसाला २ तुकडे, एकूण २८. चार नाती, प्रत्येकी सहा भेटी, म्हणजे २४. अभ्यास आणि विश्रांती ८, लढाईच्या रात्री ६. मागणी ३८. दहाची तूट. एक नातं पूर्ण सुटतं आणि दुसरं मध्येच अडकतं. मागणी उपलब्ध वेळेच्या साधारण सव्वा ते दीडपट असावी. त्याहून कमी असेल तर निवड उरत नाही, दुप्पट केली तर खेळाडू हताश होऊन तक्ता शोधतो. आणि तूट सुरुवातीला सांगू नका. दहाव्या दिवसाच्या आसपास ती आपोआप लक्षात यावी.

नात्याला दहापैकी आकडा दाखवायचाच असेल तर तो भेटीनंतर दाखवा, उत्तर निवडताना नको. सहापैकी निदान एका भेटीत समोरच्याला न आवडणारं उत्तरच बरोबर असू द्या, आणि त्याचा परिणाम दोन भेटींनंतर दिसू द्या. लगेच दिसला तर खेळाडू सेव्ह परत लोड करतो. जे नातं पूर्ण होणार नाही त्यालाही शेवट लिहा. बहुतेक नवे लेखक इथे कंजुषी करतात: पूर्ण नात्याला चार पानांचा निरोप आणि सुटलेल्याला काहीच नाही, ते पात्र नकाशावर तेच जुनं वाक्य घोळत उभं. चार ओळी पुरतात. ती मुलगी आता दुसऱ्या बाकावर बसते, नायिकेशी बोलते पण घाईत असते, आणि तिची अडचण तिने दुसऱ्या कुणासोबत सोडवलेली असते.

चाचणी करताना "गोष्ट आवडली का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, सगळे हो म्हणतात. चार-पाच जणांना संवाद भराभर पुढे ढकलत खेळायला लावा आणि नंतर विचारा, या मुलीला कशाचा त्रास होता? वाचल्याशिवाय ज्यांना बरोबर सांगता आलं त्यांच्यापर्यंत नियम पोहोचला. "बहुतेक आजारी असते ती" असं उत्तर आलं तर संवाद वाढवू नका, स्टेटचं नाव आणि ती कुठल्या क्षणी लागते ते बदला. वर्गाच्या दारात पाऊल टाकताच लागली तर कळतं. लढाईत अचानक लागली तर ती विषबाधाच वाटते.